मधलं नाव

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी पाटवडीचा रस्सा तिसऱ्यांदा वाढून घेतला, एक लांब भुरका मारला, आणि मिशीवरचा तेलाचा तवंग रुमालानं टिपत ते प्राजक्ताला म्हणाले, "प्रबंध छान झालाय हं तुमचा. सवडीनं वाचणार आहे मी."

सात वर्षं मुलीनं अमरावतीच्या त्या प्रयोगशाळेत भट्टीसमोर डोळे जाळले. आणि ज्यानं अर्ध्या तासापूर्वी त्या सात वर्षांवर 'पदवीस पात्र' असं लिहून सही ठोकली, तो बहाद्दर आता प्रबंध सवडीनं वाचणार होता! तोंडी परीक्षेत त्यानं दोनच गोष्टी विचारल्या होत्या. चिखलदऱ्याला जायची गाडी किती वाजता येणार, आणि वाटेत परतवाड्याला चहा बरा कुठे मिळतो. जेवण, गाडी, शाल, नारळ, पाकीट, सगळं उमेदवारानं करायचं असा विभागाचा रिवाज. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि आजवर कुणी मोडलेलाही नव्हता. प्राजक्ताच्या मार्गदर्शकांनी, म्हणजे डॉ. कमलाकांत मोहरील सरांनी, आठवडाभर आधीच वळणदार अक्षरात यादी करून दिली होती. शाल रेशमी काठाची हवी, हे शेवटी अधोरेखित केलं होतं.

प्राजक्तानं रश्शाचं पातेलं पंगतीतच खाली ठेवलं. ती मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत उभी राहिली.

राग एकट्या परीक्षकाचा नव्हता. पाठ थोपटताना तो म्हणाला होता, "पान एकशेबाराचा तुमचा आलेख काय सुंदर आहे हो!" पानं उलटताना डोळ्यांना काहीतरी दिसलं असणार, तेवढंच बोलला. पण नेमका तोच आलेख!

भाजून केलेल्या लहान लहान गोळ्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवायच्या, तापमान वाढवत न्यायचं आणि गोळीची वीज साठवण्याची ताकद कशी बदलते ते मोजायचं, हे तिचं काम. त्या आलेखात बावीस बिंदू होते. अठरा सरळ वागले, चार बंडखोर निघाले आणि रेषेपासून लांब जाऊन बसले. प्राजक्ता म्हणाली, "सर, पुन्हा मोजते. कदाचित जोडणी ढिली असेल, कदाचित खरंच काहीतरी वेगळं घडत असेल." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "पुन्हा म्हणजे अजून सहा महिने. मला पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचंय, प्राजक्ता. ते चार जरा खाली घे."

आणि तिनं घेतले. हाताला धरून कुणी लिहवून घेतलं नाही. तिनंच, स्वतःच्या बोटांनी, चार आकडे बदलले. बिंदू शिस्तीत रेषेवर येऊन बसले. एवढ्यानं कुणाचं काय बिघडतं, असं तिनं स्वतःला समजावलं. माणसानं एकदा का हे वाक्य तोंडात धरलं की पुढे त्याला काहीही गिळता येतं.

डॉक्टरेट मिळाली. मग काय? तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत धावायचं, आणि कायमच्या जागेचं नाव काढलं की संस्थाचालक असे हसायचे की पुढचं न बोलताच कळावं. मोहरील सर म्हणाले, "माझ्या चारुताचा प्रकल्प तेवढा लिहून दे, मग मी तुझ्यासाठी शब्द टाकतो." चारुता म्हणजे त्यांची लेक, बीएस्सीला होती. प्रकल्प लिहून झाला. शब्द काही कुठे पडला नाही. त्या दिवशी प्राजक्ताला त्या इमारतीचीच किळस आली. जिन्यातल्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांची, स्टाफरूमच्या कळकट कपांची, 'संशोधन' या शब्दाची सुद्धा. तिनं ठरवलं, पुरे. आता कारखान्यात जायचं. तिथे निदान वस्तू चालते किंवा चालत नाही, मधलं काही नसतं.

अशी समजूत होती बिचारीची.

अकोल्याच्या एमआयडीसीत शेखरभाऊंचा कारखाना होता. शेखरभाऊ पन्नाशी ओलांडलेले, डोक्यानं तल्लख, आवाज मऊ. धान्यातला ओलावा मोजायचं यंत्र ते बनवत. 'दाणापारख' असं त्याचं नाव. मूठभर सोयाबीन यंत्राच्या पेल्यात टाकायचं, बटन दाबायचं, की ओलावा किती टक्के तो आकडा येतो. आत दोन पट्ट्या असतात आणि दाण्यात पाणी जितकं जास्त तितकी वीज जास्त साठते. म्हणजे प्राजक्ता सात वर्षं जे करत होती तेच. फरक इतकाच की गोळीच्या जागी दाणा.

मुलाखतीत शेखरभाऊंनी प्रबंध मागितला. सावकाश पानं उलटली. बाहेरच्या परीक्षकानं उलटली तशी नव्हे, थांबून थांबून. पान एकशेबारावर त्यांचं बोट बराच वेळ टेकलेलं राहिलं. मग ते हसले. "हे आपल्याले आवडलं. कधी येता मॅडम?"

प्राजक्ताचा जीव सुपाएवढा झाला. वाचणारा माणूस भेटला होता. पगार वेळेवर, टेबल स्वतःचं, आणि सरांसारखं भाजी आणायला पाठवणारं कुणी नाही. तिनं कामाला वाघासारखी सुरुवात केली. सोयाबीन, तूर, हरभरा, एकेका दाण्याचे नमुने घ्यायचे, भट्टीत पूर्ण वाळवायचे, आधीचं आणि नंतरचं वजन करून खरा ओलावा काढायचा आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा. कारखान्यातले सगळ्यांत जुने कारागीर नत्थुजी तिच्याकडे कौतुकानं पाहत. स्वतः ते दाणा दाढेखाली धरत आणि आकडा सांगत, आणि अर्ध्या टक्क्याच्या आत बरोबर सांगत. "मॅडम, तुमची भट्टी चार घंटे घेते, माही दाढ एक मिनिट," असं म्हणून हसत.

यंत्रातल्या चिपची जुनी आज्ञावली म्हणजे गोधडी होती. दहा जणांनी दहा ठिगळं लावलेली. प्राजक्तानं ती पहिल्यापासून नवी लिहिली. जुन्यात एका ठिकाणी, दोन बटनं एकत्र पाच सेकंद दाबली तर आकड्यात दीड मिळवायचा, परत दाबली की काढायचा, असं काहीतरी विचित्र होतं. कुणाची तरी चूक राहून गेली असेल, असं समजून तिनं ते काढून टाकलं. पीएचडी झालेली मुलगी! भट्टीचं तापमान कळतं, माणसाचं कळत नाही.

नवं यंत्र इतकं अचूक निघालं की शेखरभाऊंनी ठरवलं, प्रत्येक नगावर तिच्या नावाचं स्टिकर लावायचं. "डॉक्टरीणबाईचं नाव असलं म्हणजे शेतकऱ्याले भरोसा वाटते," ते म्हणाले. "तपासणी, डॉ. प्राजक्ता गावंडे. बस."

"पूर्ण नाव टाका सर," प्राजक्ता म्हणाली. "डॉ. प्राजक्ता सूर्यभान गावंडे."

"लय लांब होते मॅडम. मधलं काढू."

"मधलं राहू द्या. अक्षर बारीक करा हवं तर."

सूर्यभान म्हणजे तिचे वडील. दर्यापूरकडे त्यांचं काळ्या मातीचं शेत होतं, खाऊनपिऊन सुखी घर. गडी तिरसट. खरेदीच्या दुकानात त्यांचा पाय पडला की व्यापारी आधी पाणी प्यायचा, कारण सूर्यभान दाणा दातानं फोडून दाखवत आणि आकड्यावरून भांडत. लेकीला शिकवताना मात्र त्यांनी कधी का म्हणून विचारलं नाही. भाऊबंद म्हणत, पोरगी तिशीची झाली, गोळ्या कसल्या भाजून राहिली? तेव्हा ते म्हणत, "तुमाले काय समजते त्यातलं? मलेही नाही समजत. पन ती खोटं मोजत नाही, एवढं मले समजते." हे ऐकलं तेव्हा पान एकशेबारा छापून झालं होतं.

स्टिकर छापलं गेलं. बारीक अक्षरात, पूर्ण नावानिशी.

दिवाळीच्या महिनाभर आधी नवी यंत्रं बाजारात गेली आणि आठवड्याच्या आत फोन सुरू झाले. अंजनगावहून, चांदूर रेल्वेहून, कुठून कुठून. मीटर बिघडलं आहे, वापस न्या. प्राजक्तानं दोन यंत्रं परत मागवून तपासली. आकडा चोख येत होता. तेव्हा शेखरभाऊंनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, ते दोन बटनायचं तुमी काहून काढलं?"

"ती चूक होती ना सर? दीड टक्का उगाच वाढतो त्यानं."

शेखरभाऊ तिच्याकडे अशा नजरेनं पाहू लागले की तिचे कान तापले. "उगाच नाही वाढत मॅडम. साडेअकराचा दाना तेरा दाखवला की व्यापारी भाव तोडते. त्याच्याचसाठी तर घेते तो आपलं मीटर. सरकारी तपासनीस आला की बटनं दाबून सीधं करते. सगळ्याच कंपन्या देते. तुमी काढलं, म्हनून बिघडलं म्हनते लोक."

"मी हे परत घालणार नाही," प्राजक्ता म्हणाली. आवाज चढला होता तिचा. "हे सरळ सरळ खोटं आहे. यावर माझं नाव आहे."

शेखरभाऊ चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा सांगितला, खण उघडला, तिचा प्रबंध काढला आणि पान एकशेबारा तिच्यापुढे ठेवलं.

"बावीस बिंदू हायेत. बावीसही रेषेवर. मॅडम, मी तीस वर्षं मीटर बनवून राहिलो. मशीन कधी असं वागते का? ते रुसते, घसरते, दोनचार आकडे वाकडे देतेच देते. एवढं सरळ मशीन नाही बसवत, मानूस बसवते." त्यांनी बशीत चहा ओतला. "माह्याकडे तीन पीएचडीवाले आलते. बाकी दोघायचे ग्राफ वाकडेतिकडे होते. मले वाटलं, ते कटकट करतीन. तुमचा पाह्यला अन् म्हनलं, हे पोरगी समजदार हाये. म्हनून तर तुमाले घेतलं."

प्राजक्ताला वाटलं, आपल्या अंगावरून काहीतरी लिबलिबीत सरपटत गेलं. या नोकरीत आपल्या ज्ञानाला किंमत मिळाली असं समजून ती आठ महिने मान ताठ करून फिरत होती. किंमत मिळाली होती ती चार खोट्या ठिपक्यांना. मोहरील सरांना ती मनातल्या मनात लबाड म्हणायची, बाहेरच्या परीक्षकाला हावरट म्हणायची. आणि शेखरभाऊंनी तिला एका नजरेत ओळखलं होतं, जसा गिऱ्हाइकाला दलाल ओळखतो. वाईट म्हणजे त्यांच्या आवाजात जराही कुचेष्टा नव्हती. आपल्यातलीच एक समजून ते आपुलकीनं बोलत होते!

उठून जायला हवं होतं तिनं. राजीनामा टाकायला हवा होता. पण जायचं कुठे? पुन्हा त्या जिन्यात, त्या पिचकाऱ्यांमध्ये? आणि कुठल्या तोंडानं म्हणायचं, की मी खोटं करत नसते? ती टेबलाशी परतली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते दोन बटनांचं कलम तिनं परत लिहून दिलं. जुन्यापेक्षा नीटनेटकं लिहिलं. हात साबणानं धुतले, मग परत धुतले, आणि डबा तसाच परत नेला. नत्थुजींनी दाणा दाढेखाली फोडला, यंत्राचा आकडा पाहिला आणि तिच्याकडे पाठ केली.

दिवाळीला ती घरी गेली. अकोल्याहून दर्यापूरची एसटी, पुढे जीप. अंगणात शिरताच आईनं, मैनाबाईनं, तिला ओवाळायचं सोडून हसायलाच सुरुवात केली. "बापाले पाह्य तुह्या. परवापासून जमिनीवर पाय नाहीत त्याचे."

सूर्यभान खाटेवर बसले होते. त्यांनी लेकीला जवळ बसवून घेतलं आणि सांगायला लागले.

"अवो, फाट्यावरच्या दुकानात सोयाबीन घेऊन गेलतो. त्यानं नवं मीटर आनलं. आकडा आला तेरा पूर्नांक एक. मी आता दाना दातात धरनार, तं माही नजर गेली खाली. तपासनी, डॉक्टर प्राजक्ता सूर्यभान गावंडे! माहं नाव, बापा! मशीनवर!" त्यांचे डोळे चमकत होते. "मग कायचा दात लावतो? मी म्हनलं, लिही बाबू, जे आलं ते लिही. मांगं नऊ जन गाड्या घेऊन उभे होते, ते कटकट करून राहिले होते, एवढा ओलावा कसा म्हनून. मी त्यायले दमच देल्ला. म्हनलं, चूप बसा. हे मीटर माह्या पोरीनं तपासलं, हे खोटं बोलत नाही. एकही जन बोलला नाही मंग. मुकाट्यानं माप देऊन गेले."

ओसरीवर बियाण्यासाठी राखून ठेवलेलं पोतं होतं, त्याच सोयाबीनचं. प्राजक्तानं त्यात हात घातला, एक दाणा काढून दाढेखाली धरला. कट्‌ आवाज आला. दोन स्वच्छ फाका झाल्या. बाराच्या वर एक टिंब नव्हता तो दाणा. हे कळायला तिला भट्टी लागली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "ते मीटर खोटं होतं."

"काय बोलून राहिली?"

"दीड टक्का जास्त दाखवतं ते. दोन बटनं आहेत. मला माहीत होतं. मीच घातलं ते त्यात, माझ्या हातानं." आणि मग तिला थांबता आलं नाही. पान एकशेबाराही तिनं सांगितलं. चार बिंदू, पुन्हा न मोजता खाली घेतलेले.

मैनाबाईच्या हातातलं तबक तसंच राहिलं. सूर्यभानांना ग्राफ समजला नसेल, पण त्यांना समजायचं ते समजलं. तोंडातला सुपारीचा तुकडा त्यांनी थुंकून टाकला. टोपी घातली.

"चाल."

"कुठं?"

"फाट्यावर. कोनते दोन बटनं ते दाखव मले."

दुकानात माप चालू होतं. चार-पाच जण ओळखीचेच होते, परवाच्या रांगेतले. सूर्यभान कुणाशी न बोलता थेट टेबलापाशी गेले आणि खिशातून मूठभर सोयाबीन काढून त्यांनी पेल्यात टाकलं. प्राजक्तानं बटन दाबलं. तेरा पूर्णांक एक. मग तिनं दोन बोटांनी दोन बटनं एकत्र दाबून धरली आणि मनात पाच मोजले. तोच दाणा, तोच पेला. अकरा पूर्णांक सहा.

कुणीतरी "अरे!" म्हणालं. मग गलका झाला. दुकानदार उठून ओरडू लागला, "मॅडम, हे तुमच्याच कंपनीचं हाये! तुमचंच नाव हाये यावर!" लोक त्याच्याकडे पाहत होते, आणि मग एकेक करून प्राजक्ताकडे पाहू लागले. ती मान वर करून उभी राहिली. मान खाली घालणंही तिला त्या क्षणी सोंग वाटलं असतं.

"हो," ती म्हणाली. "माझंच आहे. मीच केलं. परवा तुमचा दाणा कोरडा होता. बाबांचा काही दोष नाही यात. कंपनीविरुद्ध मी लिहून देते, सही करून देते."

सूर्यभान या सगळ्याकडे पाहत नव्हते. ते यंत्रावर वाकले होते. त्यांनी अंगठ्याचं नख स्टिकरवर टेकवलं. शेतकऱ्याचं नख, जाड आणि चिरलेलं. ते एका जागी धरून त्यांनी हळूहळू खरवडायला घेतलं. घाई नव्हती, राग नव्हता, काट्यावरचं वजन पाहावं तसं लक्ष देऊन ते करत होते. पहिलं नाव त्यांनी तसंच ठेवलं. आडनावालाही नख लावलं नाही. फक्त मधला शब्द अक्षर अक्षर करून काढला, फुंकर मारून कपटे उडवले आणि पुरता गेला की नाही ते बोट फिरवून पाहिलं.

मग ते सरळ झाले आणि रांगेतल्या माणसांना म्हणाले, "तुमचे आकडे काढा रे परवाचे. पोरगी लिहून देते."

प्राजक्तानं कागद मागून घेतला. खाली बसली, मांडीवर ठेवला आणि वर आधी स्वतःचं नाव लिहिलं. 'प्राजक्ता' लिहून झाल्यावर तिचा पेन थांबला. तिनं बापाकडे पाहिलं. सूर्यभान दुसरीकडे पाहत होते. तिनं मधली जागा कोरी सोडली आणि पुढे 'गावंडे' लिहिलं.